वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे

२०२१ या संख्येचे मूळ अवयव पाडताना कुठवर भाग देत बसायचं, निम्म्यापर्यंत का, असं एकाने विचारलंय. छे, एवढं कशाला! वर्गमुळापर्यंत गेलं की पुरे. संख्या दोन अवयवांत फुटणार असेल तर ते दोन्ही एकाच वेळी वर्गमुळाहून मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकारच जास्त होईल. ४५ चा वर्ग २०२५, म्हणजे इथे ४३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. २, ३, ५ बघताक्षणी बाद. पुढे ७ पासून ४१ पर्यंत एकानेही भाग जात नाही, आणि अगदी शेवटच्या ४३ ने जातो: २०२१ = ४३ × ४७.

खरं तर एवढी मजल मारायचीही गरज नव्हती. २०२१ = ४५² − २² = (४५ − २)(४५ + २). संख्या एखाद्या वर्गाच्या किंचित खाली दिसली की मी आधी हेच करून बघतो. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची ही युक्ती अवयव जवळजवळ असले तर झटपट चालते; लांब असले तर नुसती दमछाक.

२०२७ लाही ४३ पर्यंतच जायचं, पण हाती काही लागत नाही. ती मूळ संख्याच आहे.