विनिअरची चित्रं (मार्केट्री): मशीन घ्यावं की सुरीनेच शिकावं?

टाकाऊ_टिकाऊ
मंडळी, सल्ला हवाय. बहीण इंटीरियरची कामं करते. तिच्याकडचे विनिअरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) जुने सॅम्पल अल्बम रद्दीत निघाले होते, ते मी उचलून आणले. वहीच्या पानाएवढे तुकडे आहेत: साग, अक्रोड, शिसवी, मेपल, लालभडक पडौक आणि थोडे रंगवलेले निळे. म्हटलं, हे कापून-जोडून खंड्याचं चित्र करू. डोकं शिसवी, गळा मेपल, पाठ निळी, चोच पडौक.

तीन रविवार घातले. चोचीचं टोक कापताना पापडासारखं मोडलं, तेही चारदा. कसाबसा जोडून कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने ६ मिमी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवला, तर आठवड्यात पोटावर फुगा आणि एमडीएफची होडी. आता स्क्रोल सॉ (बारीक पात्याची, नक्षी कापायची विजेवरची करवत) घ्यावा असं मनात आहे. बजेट फार नाही. पुण्यात आहे.

रंधा
मशीन राहू दे. आधी मेडिकलमध्ये जाऊन ३ नंबरचं हँडल आणि ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडचं पाकीट आण. स्टेशनरीच्या दुकानातला कटर जाड असतो, तो विनिअर कापत नाही, फाडतो.

मग खिडकीची पद्धत. पार्श्वभूमीच्या विनिअरवर चित्र ट्रेस करायचं आणि एका वेळी एकच भाग कापून काढायचा, समजा डोकं. त्या भोकामागे शिसवीचा तुकडा धरून सरकवत राहायचं. लाकडाच्या रेषा कुठे डोक्याच्या गोलाईबरोबर वळतात ते खिडकीतून दिसतं. खरं चित्र तिथेच होतं, बाकी नुसतं कापकाम. जागा पटली की मागून टेपने पकडायचं, भोकाच्या कडेने ब्लेड फिरवून खूण करायची, तुकडा कापून बसवायचा. ब्लेड एकदम दाबू नकोस, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरव. टोकदार भागाला कापण्याआधीच मागून कागदी टेप लाव आणि टोकाकडून आत काप. टोकाकडे कापत गेलास की मोडणारच.

अल्बमचे तुकडे उलटून बघ. मागे कापड किंवा कागद असेल तर चालेल. प्लायवर चिकटवलेले असतील तर या कामाला उपयोग नाही.

मीनलताई
फुग्याबद्दल सांगते, कारण माझ्या घरी असे दोन फुगे फ्रेममध्ये टांगलेले आहेत. चित्राला कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह नकोच. टेकलं की हलवता येत नाही आणि पुढे हवामान बदललं की सरकतं. साधा पांढरा लाकडाचा गोंद घ्या, विनिअरला नाही, फक्त एमडीएफला पातळ लावा, वर प्लास्टिकचा कागद आणि जाड प्लाय ठेवून रात्रभर सी-क्लॅम्पमध्ये दाबा. आणि मागच्या बाजूलाही विनिअर लावा, कुठलंही स्वस्तातलं, पण त्याच दिवशी. एकाच बाजूने ओढ बसते म्हणून होडी होते.

खंड्याचा खरा धोका पुढे आहे. घासताना शिसवीचा काळा आणि पडौकचा लाल भुगा मेपलच्या छिद्रांत बसतो आणि पांढरा गळा गुलाबी-करडा होतो. घासण्याआधी अख्ख्या चित्राला चपडा लाखेचा पातळ हात द्या. विनिअर जेमतेम अर्धा मिमी असतं, तेव्हा मशीनने घासू नका. २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा.

करवतवाला
रंधाशी अर्धा सहमत. सुरीने चाळीस तुकड्यांचा पक्षी होईल, दोनशे तुकड्यांचा मोर होताना हात रडतील. पण मशीन नको हे खरं. सोनाराची हातकरवत आणि तिची २/० नंबरची बारीक पाती आणा, बजेटात बसते. दोन विनिअर एकावर एक ठेवून, टेबलाला कल देऊन एकदमच कापायची. तिरक्या कापामुळे पात्याची फट भरून निघते आणि तुकडा बुचासारखा बसतो. विनिअर जितकं पातळ तितका कल जास्त, म्हणून आधी रद्दी तुकड्यांवर जमवून घ्या.

सुटं विनिअर भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये विचारा. पूर्ण शीट मागू नका, तुटके-फुटके मागा.

जर्सीकर
थोडं अवांतर. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये इटलीतल्या गुब्बिओच्या राजवाड्यातली एक छोटी खोली आहे, साधारण १४७८ ते १४८२ मधली. भिंतीवर अर्धवट उघडी कपाटं, आत पुस्तकं, वाद्यं. सगळं सपाट लाकूड. जाळीच्या दाराची सावलीसुद्धा लाकडाचीच. मी मुलीला "हात लावू नको" म्हणालो आणि स्वतःच वाकून बघत राहिलो.

रंधा
सावलीवरून आठवलं. बारीक वाळू जुन्या तव्यात तापव आणि तुकड्याची कड चिमट्याने त्यात खुपस. काही सेकंदांत कड तपकिरी होते आणि आत फिकट होत जाते. पंखाखालची सावली अशीच येते, रंग लागत नाही. काळी होऊ देऊ नकोस, ती घासताना झडते. वाळलेला तुकडा आखडला तर ओलं बोट फिरव.

टाकाऊ_टिकाऊ
सगळ्यांचे आभार. ११ नंबरचं ब्लेड म्हणजे काय चीज आहे! मेडिकलवाल्याने "कुठलं ऑपरेशन?" म्हणून विचारलं. चोच पहिल्या फटक्यात निघाली. मेपलच्या चौथ्या तुकड्यात छातीवर पिसांसारखी लहर सापडली, ती गेल्या वेळी मला दिसलीच नव्हती.

वाळूचा प्रयोगही केला. तवा आईचा निघाला. नवा घेऊन देईपर्यंत काम बंद आहे.