हायड्रोजनचं विमान उडेल हो, पण टाकी कुठे ठेवणार?

अधांतर (धागाकर्ता)

गेले काही दिवस एकच ढकलपत्र सगळीकडून अंगावर येतंय. मजकूर थोडक्यात असा: हायड्रोजनमध्ये विमानाच्या इंधनाच्या तिप्पट ऊर्जा असते, जळल्यावर नुसतं पाणी बाहेर पडतं, सोव्हिएत रशियाने १९८८ मध्येच असं विमान उडवलं होतं, आणि तेल कंपन्यांनी ते दाबून ठेवलंय. खाली टाळ्यांचा पाऊस.

चीड येते ती यातलं बरंचसं खरं असूनही निष्कर्ष धादांत खोटा आहे म्हणून.

तिप्पट ऊर्जा आहे, पण किलोमागे. हायड्रोजन १२० मेगाज्यूल, केरोसिन ४३. मात्र इंधन नुसतं हलकं असून भागत नाही, ते विमानात मावावंही लागतं. एक घनमीटर द्रव हायड्रोजनचं वजन भरतं जेमतेम ७१ किलो, तेवढ्याच केरोसिनचं ८०० च्या आसपास. म्हणजे तितक्याच ऊर्जेला चौपट जागा, तीही उणे २५३ अंशांवर. केरोसिन पंखाच्या पोकळीत कसंही ओता, बसतं. हायड्रोजनला हवी गोल किंवा नळकांड्यासारखी, दुहेरी भिंतीची टाकी. ती पंखात जाणार नाही. एअरबस ए३२० या नेहमीच्या प्रवासी विमानात साधारण २४ हजार लिटर इंधन मावतं. त्याच्या चौपट म्हणजे ९६ घनमीटर. त्या विमानात सामानाची एकूण जागा ३७ घनमीटर. बाकीचं काय मांडीवर घेऊन बसायचं?

आणि ते १९८८ चं तुपोलेव १५५! तीनपैकी एकच इंजिन हायड्रोजनवर होतं आणि टाकी होती प्रवासी कक्षाच्या मागच्या भागात. त्याच्याही आधी, १९५७ मध्ये अमेरिकेत बी-५७ या बॉम्बफेकी विमानाचं एक इंजिन हवेत हायड्रोजनवर चालवून झालं होतं. उडतं का, हा प्रश्न कधीच सुटलाय. माणसं आणि टाकी एकाच नळीत कशी बसवायची, हा सुटलेला नाही. एअरबसने २०२० मध्ये गाजावाजा करून २०३५ पर्यंत हायड्रोजनचं विमान आणायचा वायदा केला आणि २०२५ मध्ये स्वतःच तो पुढे ढकलला. त्यांनाही तेल कंपन्यांनी दाबलं का?

उडाणटप्पू

ढकलपत्राचा राग हायड्रोजनवर काढू नका. तुम्ही मुद्दाम सर्वांत गैरसोयीचं उदाहरण घेतलंत. भरल्या टाकीने रोज कुठलं ए३२० उडतं? सुरुवात छोट्या विमानांपासून होणार. जानेवारी २०२३ मध्ये १९ आसनी डॉर्नियर २२८ उडालं, एका बाजूला हायड्रोजनच्या इंधन घटावर (फ्युएल सेल, हायड्रोजन न जाळता त्यापासून थेट वीज बनवतो) चालणारी मोटर लावून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्लोव्हेनियात मारिबोरला एचवाय४ हे छोटं विमान द्रव हायड्रोजनवर तीन तासांहून जास्त वेळ हवेत होतं. हे तुमच्या लेखात नाही. विसरलात की सोयीचं नव्हतं?

अधांतर

सोयीचं होतं, लिहायला हवं होतं. त्या डॉर्नियरमध्ये टाक्या आणि इंधन घट कुठे ठेवले होते? प्रवासी कक्षात. दुसऱ्या बाजूचं इंजिन नेहमीचंच होतं. माझ्या मुद्द्याला फुकटचा साक्षीदार दिल्याबद्दल आभार.

स्पॅनरवाला

दोघंही कागदावरची विमानं उडवताय. मी उमेदीची वर्षं एका क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रववायूंच्या प्लांटवर काढली आहेत. (नाव विचारू नका.) हायड्रोजनची गळती काय असते ते तिथे कळतं. इतका बारीक रेणू की जिथून दुसरं काही निसटणार नाही तिथून हा निसटतो. पेटला तर उजेडात ज्योत दिसत नाही. आमचे जुने मुकादम संशय आला की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे. झाडू पेटला की थांबायचं. मी हसलो होतो. मग एकदा माझ्यासमोर, कुठेही काही दिसत नसताना, झाडूचं टोक भुर्रकन पेटलं. त्यानंतर कधी हसलो नाही.

नासासारख्यांना २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आर्टेमिस या चांद्रमोहिमेच्या रॉकेटचं उड्डाण हायड्रोजनच्या गळतीमुळे रद्द करावं लागलं. रॉकेट थांबून राहतं. विमानाला तासाभरात इंधन भरून परत निघायचं असतं, दिवसातून चार-पाच वेळा. ते काम कोण करणार, झाडूवाले?

उडाणटप्पू

काका, अनुभवाला दंडवत. पण गळालेला हायड्रोजन झटकन वर निघून जातो, केरोसिन खाली सांडून जळत राहतं. हेही तुमच्या मुकादमांनी सांगितलं असेलच.

स्पॅनरवाला

उघड्यावर जातो वर. वर छप्पर असलं की छताखाली साठतो. विमानाला छप्पर असतं, बहुतेक.

मधलं आसन

मला तांत्रिक काही कळत नाही, पण मागे टाकी घालणार म्हणजे आसनं कमी होणार, आणि आसनं कमी झाली की उरलेली आणखी चिकटवणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आत्ताच माझे गुडघे पुढच्याच्या पाठीत असतात. वर तो पुढचा आसन मागे टाकतो!

खिडकीशेजारी

आसन मागे जाण्यासाठीच बनवलंय. मी तिकिटाचे पैसे भरलेत, मी टाकणार.

मधलं आसन

पैसे मीही भरलेत. तुमच्यासारख्यांमुळेच मी जेवण हातात धरून जेवतो. एका उड्डाणात समोरच्याने न बघता आसन ढकललं आणि सगळा गरम चहा माझ्या मांडीवर. त्याने मागे वळून काय म्हणावं? "जरा जपून."

खिडकीशेजारी

मग कप नीट धरायला शिका. दुसऱ्याच्या आसनाला टेबल समजायची सवय वाईट.

मधलं आसन

तो तुम्हीच होतात की काय?

अधांतर

अहो, हायड्रोजन!

ढगाळ

आसनांचा मुद्दा इतका अवांतर नाही. अपघातात अर्ध्याच दारांनी ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर पडतात हे दाखवल्याशिवाय विमानाला परवानगी मिळत नाही. मागे टाकी आली तर मागची दारं कुठे जाणार, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक. "नुसतं पाणी" म्हणून सगळे खूश आहेत, पण तेवढ्याच ऊर्जेला हायड्रोजनमधून केरोसिनच्या सुमारे अडीचपट वाफ बाहेर पडते. उंचावर विमानामागे वाफ गोठून बर्फकणांच्या ज्या पांढऱ्या रेघा उमटतात त्याही उष्णता अडवतात. काजळी नसल्यामुळे बर्फाचे कण कमी आणि मोठे होतील, ते लवकर खाली पडतील, अशी आशा आहे. शिवाय इंजिनात जाळला तर नायट्रोजनची ऑक्साइडं होतातच. तेव्हा "शून्य प्रदूषण" हा शब्द जपून.

खिडकीशेजारी

पांढऱ्या रेघांवर आता षड्यंत्रवाले येतील. आसनवाले परवडले.

मधलं आसन

"आसनवाले" कोणाला म्हणता? तुम्ही उभे राहून जाता का?

संपादक मंडळ

आसन मागे टाकण्याबाबत वेगळा धागा काढावा. चहाचा उल्लेख असलेले पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

उडाणटप्पू

मूळ मुद्द्यावर येतो, कारण अधांतररावांनी एक गोष्ट शिताफीने टाळली आहे. हायड्रोजन नको, तर काय? बॅटरी? किलोमागे ऊर्जेत केरोसिनच्या चाळीस-पन्नास पट मागे. वापरलेल्या तेला-तुपाचं इंधन? नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडन ते न्यूयॉर्क विमान त्यावर गेलं, छान झालं. पण साऱ्या जगाची विमानं उडवायला तेवढं खरकटं तेल आणणार कुठून? मग उरतं कार्बन डायऑक्साइडपासून बनवलेलं कृत्रिम केरोसिन. आणि ते बनवायला काय लागतं? हायड्रोजन! म्हणजे हायड्रोजनपासून सुटका नाहीच. मग आधी त्याचं केरोसिन करून ऊर्जा कशाला घालवायची, थेटच का नाही वापरायचा?

अधांतर

थेट का नाही, तर कृत्रिम केरोसिन आजच्या पंखांत, आजच्या इंजिनांत, आजच्या विमानतळांवर चालतं. थेट हायड्रोजनला हे सगळं नवं लागतं. आणि थेट म्हणजे फुकट नव्हे. किलोभर हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा, त्यातली दहाएक युनिटं नुसती त्याला द्रव करायला जातात. शिवाय आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो. वायूपासून किलोभर बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आधी तो स्वच्छ करा, मग विमानात घालायच्या गप्पा मारू.

हां, खरकट्या तेलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पन्नास-शंभर माणसांच्या, तास-दीड तासाच्या फेऱ्यांना इंधन घटवालं विमान कधी तरी येईल, हेही लिहून घ्या. समुद्रापार मात्र न्यायचं नाव काढू नका.

उडाणटप्पू

उपकार झाले. मूळ लेखात "निष्कर्ष धादांत खोटा" होता, आता "कधी तरी येईल" झालाय. आणखी दोन पानं वाद झाला तर समुद्रही ओलांडाल.

अधांतर

धादांत खोटा निष्कर्ष "दाबून ठेवलंय" हा होता. पुन्हा वाचा.

स्पॅनरवाला

तास-दीड तासाच्या विमानतळांवर तर देखभालीला माणसंच नसतात. छोट्या जागी हायड्रोजनचे टँकर, ते गार ठेवणारी यंत्रणा आणि ती सांभाळणारे शिकलेले हात कुठून आणणार, ते दोघांनी मिळून सांगा.

मधलं आसन

आणि टाकी मागे गेली की मागचं स्वच्छतागृह कुठे जाणार, तेही.