गटाने न बोलता चालताना लक्षच लागत नाही, काय करावं?

पाऊलवाट: आमच्या गटात झाडीतून तासभर मुकाट्याने चालायचं असतं. ताई सांगतात, "तळव्यांकडे लक्ष द्या." माझं लक्ष पुढच्याच्या बुटांच्या करकरीकडे, नाहीतर राहिलेल्या ईमेलकडे. परवा तर विनाकारण डोळे भरून आले, तेही सगळ्यांदेखत. एकटीनेच फिरलेलं बरं का?

निवांत: मन भटकणारच. भटकलंय हे कळलं की पावलावर परत यायचं, सराव तोच. वेग निम्मा करा. टाच टेकते, वजन चवड्यावर सरकतं, शेवटी अंगठा जमीन सोडतो. एवढंच बघा. खडबडीत वाटेवर घोटा सतत तोल सावरत असतो, ते सपाट रस्त्यावर जाणवतही नाही. आणि अधूनमधून खांदे तपासा. माझे कायम कानाला टेकलेले!

जुनंखोड: जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू', म्हणजे वनस्नान, झाडीत निवांत वेळ घालवणं, ही कल्पना मांडली. त्यातही किती अंतर कापलं याला किंमत नाही. रडू येण्याचं म्हणाल, तर शांत झाल्यावर दाबून ठेवलेलं वर येतं कधीकधी. गटाच्या शेवटी चाला, थांबलात तरी कुणाचं अडत नाही. मात्र रोजच रडू येत असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाला भेटा. ते काम चालण्यावर सोपवू नका.

पाऊलवाट: शेवटी चालून बघते. नंतर गोल बसून 'कसं वाटलं' सांगायचं असतं, ते टाळलं तर?

निवांत: बिनधास्त टाळा. गप्प बसायची मुभा नसेल तर सरळ गट बदला.