इशापूरची ली-एनफिल्ड रायफल: अदलाबदलीआधी काय बघावं?

प्रश्न (टेक्सास): मोझिन-नागांत (जुनी रशियन रायफल) देऊन १९४२ ची इशापूर (बंगालमधला कारखाना) एसएमएलई, म्हणजे आखूड ली-एनफिल्ड, घ्यावी का? काय तपासू?

उत्तर १: आधी नंबर जुळवा. बोल्टच्या (मागेपुढे सरकणाऱ्या खिट्टीच्या) दांड्यावरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात बसतो त्या सांगाड्यावरचा) एकच हवा. नसेल तर हेडस्पेस गेज (बंद बोल्टपुढे काडतूस नीट बसतं का हे तपासायचं माप) लावल्याशिवाय गोळी झाडू नका. नळीतले चर धारदार दिसले पाहिजेत; जुन्या प्रायमरच्या (काडतूस पेटवणाऱ्या टोपीच्या) क्षारांनी पडलेले खड्डे घासून जात नाहीत.

उत्तर २: पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील तर बहुधा ती ग्रेनेड फेकायला बांधलेली आहे. तार काढू नका, कळकळीची विनंती. आणि दस्ता खोलण्याआधी पुढचं लाकूड उतरवा. दस्त्याच्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक तिथे अडकलेलं असतं, तसंच फिरवलं की लाकूड चिरतं.

उत्तर ३: पन्नाशी उलटलेली, मूळ स्थितीतली म्हणून 'क्युरिओ अँड रेलिक'मध्ये (अमेरिकी कायद्यातला संग्राह्य जुन्या बंदुकांचा वर्ग) बसते. तरी परराज्यातल्या खासगी माणसाकडून लायसन्सशिवाय थेट घेता येत नाही.