मदत हवी आहे: बंद कोळसा खदानीशेजारची विहीर, पाण्यात नेमकं काय तपासावं?

नाल्याकाठचा

नमस्कार मंडळी,

वणी तालुक्यात आमचं वावर आहे. धुऱ्याला लागून नाला, पलीकडे ओपनकास्ट (उघडी) खदान. ती बंद झाली, पंप निघाले आणि खड्डा पाण्याने भरला. खदान चालू होती तोवर विहीर हिवाळ्यातच तळ दाखवायची, आता मे महिन्यातही पाणी असतं. गावात सगळे खूश आहेत.

पण ठिबकचे ड्रिपर तांबड्या गाळाने बुजतात. नळी आपटली की गंजासारखी पापडी पडते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही.

दुसरी डोकेदुखी ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगाऱ्याची. माथ्यावर सुबाभूळ लावून फोटो काढून झाले, उतार मात्र उघडाबोडका. पायथ्याचा चर गाळाने भरून सपाट झालाय, त्यामुळे मोठा पाऊस आला की माती नाल्यात आणि नाला आमच्या तुरीत.

आता ग्रामसभेपुढे खड्ड्यात मासे सोडायचा आणि त्याच पाण्यावर उपसा सिंचन करायचा प्रस्ताव येतोय. सोबत एका पानाचा रिपोर्ट आहे: पीएच ७.४, म्हणजे पाणी उत्तम! एवढ्यावर हो म्हणावं का? आणि ढिगाऱ्यासाठी कोणाच्या मागे लागावं?

भूजल_काका

नुसत्या पीएचवर जाऊ नका. कोळशात आणि ओबीत पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल आणि सल्फेट सुटतं. तुमच्या वणी-कोरपना पट्ट्यात चुनखडी आहे, ती आम्ल मारते. पीएच सात दिसतो, पण सल्फेट आणि कठीणपणा पाण्यात राहतोच. म्हणून सल्फेट, लोह, मँगनीज, एकूण कठीणपणा, क्षारता आणि ईसी (विद्युत वाहकता, त्यावरून विरघळलेले क्षार कळतात) मागा. पिण्याच्या पाण्यात सल्फेट २०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. विहिरीचं पाणी पीत असाल तर फ्लोराइडही बघा, तो तुमच्या जिल्ह्याचा जुना आजार आहे, त्याला खदानच लागते असं नाही.

पीएच जागेवरच मोजा. लोहासाठी वेगळी बाटली घ्या, प्रयोगशाळेकडून त्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून घ्या, नाहीतर लोह वाटेतच तळाशी बसतं आणि रिपोर्ट गोड येतो. खदानीपासून लांबच्या एखाद्या विहिरीचाही नमुना द्या, त्याशिवाय तुलना कशाशी करणार?

खड्ड्याचं म्हणाल तर वरचं पाणी नितळ असतं, तळाशी ऑक्सिजन नसतो आणि लोह विरघळलेलं असतं. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळचं वर येतं आणि मासे तरंगायला लागतात. वरचा, मधला, तळाचा असे तीन नमुने आल्याशिवाय ठरावावर सही करू नका.

कागदवाली

दादा, ढिगाऱ्यासाठी आधी कागद गोळा करा. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अनुपालन अहवाल कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक असतो. चर, गाळटाकी, पायथ्याची भिंत, आसपासच्या विहिरींची मोजणी, सगळ्याचा हिशेब त्यात असतो. कागदावर चर ‘सुस्थितीत’ निघाला, तर तारखेसह फोटो काढून प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्या.

दुसरं, माहिती अधिकारात खाण बंद करण्याचा आराखडा मागा. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांनुसार ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख (त्या वर्षीच्या दराने) एस्क्रो खात्यात ठेवावे लागत होते. कामं झाल्याचं दाखवल्याशिवाय ते सुटत नाहीत. कोळसा नियंत्रकांकडे तक्रार गेली की कंपनीला चराची आठवण लवकर होते, असा माझा अनुभव. आणि झाडांआधी गवत मागा. उतारावरची माती गवत धरतं, सुबाभूळ नाही.

नाल्याकाठचा

काका, ताई, आभार. तळाचा नमुना आम्हीच दोराला बाटली बांधून काढला तर चालेल का?

भूजल_काका

अजिबात नको. एक तर साधी बाटली खाली जाताना वरच्याच पाण्याने भरते. आणि मुख्य म्हणजे पाण्याखाली मुरलेल्या कडा पाय ठेवताच सुटतात, खाली एकदम खोल. नमुना कंपनीच्या बोटीतून, ग्रामपंचायतीच्या पंचांसमोर काढायला लावा आणि बाटल्यांवर सील मारून घ्या. विहिरीचा मात्र उद्याच काढा, पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मग.