तारे ताटातल्या पदार्थांसाठी असतात

मिशेलिन ही रेस्टॉरंटना तारे देणारी मार्गदर्शिका. तिचे तारे मिळालेल्या दोन रेस्टॉरंटमध्ये जेवून तुम्ही लिहिलंत की दोन तारेवाल्या ठिकाणी वेटर घाईत होते, एक तारेवाल्यांनी मात्र जीव लावला, म्हणजे मिशेलिनचे तारेच चुकले. हा निष्कर्ष पटला नाही. अनुभव खराच असणार, पण तारे फक्त जेवणाला मिळतात. कच्च्या मालाचा दर्जा, शिजवण्यातलं कसब, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि सातत्य, एवढंच बघतात. सेवा, सजावट यांचा त्यात हिशोब नाही. एक-दोन-तीन तारे ही उतरंड १९३१ पासून आहे.

दुसरं, तुलना करताना वेळ धरायलाच हवी. एका प्रवासात मी एकाच रेस्टॉरंटमध्ये आधी रात्री आणि दोन दिवसांनी दुपारी जेवलो. रात्री इतके कोर्स आले की शेवटचे तीन-चार नीट चाखताच आले नाहीत, जीभच थकली होती. दुपारी मेनू छोटा, टेबलं निम्मी रिकामी. वेटरने पातळ धातूच्या पट्टीने टेबलावरचे कण हळूच टिपले आणि प्रत्येक सॉस कसा आटवला ते सावकाश सांगितलं. स्वयंपाकघर तेच, पण जेवण मला कितीतरी जास्त भावलं. तुमची दोन्ही जेवणं एकाच वेळेची होती का?