पडीक भातशेतावर किनारी प्रेअरी परत आणायची तर आधी आग की आधी औषध?

काळीमाती
टेक्सास-लुइझियानाच्या किनारी प्रेअरीचा, म्हणजे समुद्रकाठच्या मूळ गवताळ रानाचा, विषय निघाला की "नियंत्रित आग लावा, गवत आपसूक येतं" हा सल्ला ठरलेला. मूळच्या सुमारे ९० लाख एकरांपैकी १ टक्काही रान उरलेलं नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला हाती लागतं ते बहुतेक सपाट केलेलं, सोडून दिलेलं भातशेत. तिथे आगीने सुरुवात करणं चूक आहे, आणि त्याचं कारण चायनीज टॅलो, बाहेरून येऊन माजलेलं झाड.

मोठं झाड वर्षाला लाखभर बिया देतं, पाखरं त्या नेतात. त्याच्या सावलीत गवतच नाही, मग आग चालणार कशावर? लहान रोपं मरतात, मोठं झाड बुंध्यातून फुटतं. नुसतं तोडलं तरी तेच.

म्हणून आधी ट्रायक्लोपिर एस्टर हे तणनाशक, २० ते २५ टक्के, बाकी तेल. जमिनीपासून दीड फूट साल चारी बाजूंनी ओली करायची. १५ सेंमीपेक्षा जाड खोड असेल तर तोडून ताज्या कापावर लगेच लावायचं. वेळ उन्हाळ्याच्या शेवटापासून पानगळीपर्यंत; वसंतात रस वर चढत असतो, औषध मुळाशी उतरत नाही. इमॅझापिर हे तणनाशक नको, ते मातीत राहतं आणि आजूबाजूचं गवतही मारतं. असे दोन हंगाम, मगच पेरणी.

जाळरेषा
टॅलोचं जंगलच झालं असेल तर मान्य. पण जिथे गवत उभं आहे आणि टॅलो गुडघ्याएवढा आहे तिथे दोन हंगाम औषध मारत बसणं म्हणजे पैसे पाण्यात. या भागात १२०० मिमीहून जास्त पाऊस पडतो. तीन वर्षं काही केलं नाही की रोपांचं झाड होतं. दर दोन-तीन वर्षांनी आग हवीच.

भोवती १० फुटांचा पट्टा नांगरून मोकळा. हवेतली आर्द्रता ३० ते ६० टक्के, वारा ताशी ८ ते २४ किमी आणि एकाच दिशेचा. वारा जिकडे वाहतो त्या टोकाला आधी पेटवून काळा पट्टा रुंद करायचा, मग बाजू, शेवटी वारा येतो त्या बाजूने. लोक ज्वाळेला घाबरतात, घोळ होतो तो हायवेवर गेलेल्या धुराने. एका वर्षी सगळं जाळायचं नाही, तिसरा हिस्साच. पाखरांना आणि किड्यांना आसरा राहतो.

वापसा
दोघंही मारण्यावर बोलताय. फसतं ते पेरणीत. पिशवीवर १० किलो लिहिलंय म्हणून १० किलो बी नसतं. शुद्धता ६० टक्के, उगवण ५० टक्के, तर जिवंत बी ३ किलो. हिशोब त्याचा धरा. लिटल ब्लूस्टेम या तिथल्या देशी गवताचं बी केसाळ, साध्या पाभरीच्या पेटीत गुंता होऊन अडकतं. अशा बियांची वेगळी पेटी लागते. खोली ६ मिमीच्या आत. जमीन इतकी घट्ट हवी की बुटाचा ठसा जेमतेम उमटावा. स्विचग्रास हे उंच देशी गवत हात राखून पेरा, नाहीतर बाकी सगळ्यांना दाबून टाकतं. पहिल्या वर्षी तण दीड फुटाचं झालं की १५-२० सेंमीवर कापत राहायचं. गवत तेव्हा खाली मुळं सोडत असतं, वर काहीच दिसत नाही, आणि नेमकं याच वेळी मालक "उगवलंच नाही" म्हणून नांगर घालतो.

गवत्या
विकतचं बी दूरच्या कोरड्या भागातलं असेल तर इथल्या चिकण मातीत आणि साचलेल्या पाण्यात तगेल का? त्यापेक्षा जवळच्या मूळ रानातलं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी पिकल्यावर कापा आणि त्याच दिवशी तयार जमिनीवर पसरा. गठ्ठे बांधून ठेवलेत तर आतून तापतात, बी भाजतं.

काळीमाती
@गवत्या, त्याच गवताबरोबर खोल मुळांचा परदेशी लव्हाळाही (डीप-रूटेड सेज) येतो. कापणीयंत्राला चिकटूनही त्याचं बी फिरतं, त्यामुळे आधी रान पायी फिरून बघा आणि दुसऱ्या शेतात जाण्यापूर्वी यंत्र झाडून घ्या.

@जाळरेषा, तिथे क्लेबर्ग ब्लूस्टेम हे परदेशी गवत असेल तर काय? हे म्हणजे आपल्याकडचं मारवेल. इकडे उत्तम चारा, तिकडे डोकेदुखी. हिवाळ्यात जाळलं की वसंतात जोमाने फुटतं.

जाळरेषा
हिवाळ्यात कोण म्हणालं? उन्हाळ्याच्या शेवटी, वाढ चालू असताना जाळा. मारवेलचे सलग पट्टे असतील तर तेवढ्यावर ग्लायफोसेट (तणनाशक), वखर, पुन्हा ग्लायफोसेट. बाकी शेताला त्याची शिक्षा कशाला?